मंद पेटणारा चार्जिंगचा दिवा आणि गरम झाल्यावर बंद पडणारं इंजिन

माझ्या गाडीच्या तीन तक्रारी होत्या आणि तिन्ही एकमेकींपासून वेगळ्या वाटायच्या. अर्धा-पाऊण तास चालली की इंजिन मिसिंग मारायला लागायचं, मग एखाद्या चढावर दम सोडून बंद पडायचं आणि थोडा वेळ थंड होऊ दिलं की काहीच झालं नाही असं सुरू व्हायचं. दुसरी तक्रार डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या दिव्याची. इंजिन चालू असताना तो पूर्ण विझायचा नाही, अंधारात नीट पाहिलं तर लालसर मंद दिसायचा. तिसरी म्हणजे चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरलेली असायची.

गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा) आहे, पण आत पॉइंटच्या, म्हणजे जुन्या यांत्रिक स्विचच्या, जागी फिरत्या दातांचा इशारा टिपणारी पिकअप कॉइल आणि बाजूला त्या इशाऱ्यावर ठिणगीचा करंट चालू-बंद करणारं इग्निशन मॉड्यूल. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू हे लक्षण ऐकलं की बहुतेक जण मॉड्यूलवर बोट ठेवतात, आणि त्याला आधारही आहे. मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर उष्णतेने दगा देतो, विशेषतः मॉड्यूलच्या पाठीला उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावलेली नसेल तर. गॅरेजमध्ये मॉड्यूल बदललं गेलं, नंतर इग्निशन कॉइलही (ठिणगीसाठी बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणारी). गाडी तशीच वागत राहिली. तेव्हा मी ठरवलं की आता मोजल्याशिवाय एकही पार्ट बदलायचा नाही.

इग्निशन आणि चार्जिंग ही दोन खाती आपण डोक्यात वेगळी ठेवतो. गाडीत ती वेगळी नसतात. दोघांची बॅटरी एक, अर्थिंग एक, आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत दोघांचा रस्ता त्याच इग्निशन स्विचच्या त्याच संपर्कातून जातो. ही एक गोष्ट मनात धरून मी कामाला लागलो, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच सुटत गेलं.

हत्यारं फार लागली नाहीत. डिजिटल मल्टिमीटर, बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प, ठरावीक गॅप असलेला स्पार्क टेस्टर आणि हेडलाइटचा एक जुना ५५ वॅटचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी जोडून. हा बल्ब शेवटी सगळ्यात उपयोगी पडला. स्पार्क टेस्टरबद्दल मात्र आग्रहाने सांगतो: प्लगची वायर काढून बॉडीपासून लांब धरून ठिणगी बघायची जुनी सवय इलेक्ट्रॉनिक इग्निशनला चालत नाही. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर ते व्होल्टेज कॉइलचं इन्सुलेशन आतून फोडू शकतं किंवा मॉड्यूल मारतं. शिवाय ते वीस-तीस हजार व्होल्ट असतात, हाताला बसला तर झटका साधा नसतो.

सुरुवात बॅटरीपासून. ती आधी चार्जरवर लावून पूर्ण भरून घेतली. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर केलेली कुठलीच चाचणी विश्वासाची नसते, आणि उतरलेली बॅटरी भरायचं काम अल्टरनेटरवर (इंजिनने फिरून वीज बनवणाऱ्या भागावर) टाकलं तर तो पूर्ण क्षमतेने तापत राहतो. रात्रभर काहीही न जोडता ठेवल्यावर तिने १२.६ व्होल्ट दाखवले. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या वर राहिलं पाहिजे. माझ्याकडे ते दहाच्या वर होतं. बॅटरी निर्दोष.

मग अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर खरवडून स्वच्छ केलेल्या जागी. भाचा चावी फिरवायला बसला होता. सेल्फ मारल्याबरोबर मीटरने १.१ व्होल्ट दाखवले. इथे पाव व्होल्टसुद्धा जास्त आहे. म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली जाड अर्थिंगची पट्टी नावापुरती उरली होती. चोकच्या केबलला हात लावून पाहिला तर ती कोमट लागली. पट्टीतून वाट मिळेना म्हणून स्टार्टरचा काही करंट चोकच्या केबलच्या वेटोळ्यातून बॉडीकडे परतत होता. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल सेल्फ मारल्यावर गरम होत असेल तर अर्थिंग गेलेलं आहे.

पट्टी काढली. वरून ठीक दिसत होती, पण लगच्या आत तांब्याच्या तारा हिरव्या होऊन तुटत आल्या होत्या. नवी जाड पट्टी घातली, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, दातेरी वॉशर टाकून घट्ट केलं आणि त्यानंतर वरून ग्रीस फासलं. तेच माप पुन्हा घेतलं तर ०.१५ व्होल्ट. सेल्फ ताडकन फिरायला लागला. दिवा मात्र तसाच मंद, आणि गरम झाल्यावर बंद पडणंही तसंच.

इथून दिव्याच्या मागे लागलो. हा दिवा चार्जिंग ‘दाखवतो’ एवढंच आपल्याला माहीत असतं. तो नेमकं काय मोजतो हे कळलं की तो बोलायला लागतो. त्याचं एक टोक इग्निशन स्विचमागून आलेल्या पॉझिटिव्हवर असतं आणि दुसरं अल्टरनेटरच्या फील्ड डायोडवर (डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो; हे डायोड आतल्या फिरत्या चुंबकाला, म्हणजे रोटरला, करंट देतात). चावी चालू पण इंजिन बंद असताना करंट दिव्यातून अल्टरनेटरकडे जातो आणि रोटरला पहिलं चुंबकत्व देतो. म्हणूनच काही गाड्यांत नुसता हा बल्ब उडाला तरी रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. इंजिन चालू झालं की दोन्ही टोकांना सारखंच, चौदाच्या आसपास व्होल्टेज येतं, फरक उरत नाही आणि दिवा विझतो. दिवा मंद जळतोय याचा सरळ अर्थ दोन टोकांत एक-दोन व्होल्टचा फरक आहे. आता फरक कुठल्या बाजूचा? अल्टरनेटरची बाजू कमी असू शकते, तशी स्विचची बाजूही कमी असू शकते. बहुतेक लोक अल्टरनेटर उतरवून मोकळे होतात, कारण दिव्यावर बॅटरीचं चित्र आहे.

भाच्यानेच धागा हातात दिला. इंजिन चालू होतं, त्याला घाम आला म्हणून त्याने ब्लोअर लावला आणि म्हणाला, “मामा, दिवा जरा जास्त लाल झाला बघा.” ब्लोअर बंद केला की मंद, चालू केला की उजळ. वायपरही लावायला सांगितले तर आणखी उजळ, आणि वायपर फिरत होते तेही रेंगाळत. ब्लोअर आणि वायपर दोन्ही इग्निशन स्विचमधून चालतात. हेडलाइट माझ्या गाडीत स्विचमधून जात नाहीत. ते लावले तर दिव्यात तेवढा फरक पडत नव्हता. म्हणजे व्होल्टेज स्विचच्या वाटेवर कुठेतरी गळत होतं.

पटकन मीटर कॉइलच्या पॉझिटिव्हला लावला. इंजिन बंद, चावी चालू: १२.५ व्होल्ट. म्हणजे सगळं ठीक?

नाही, आणि ही जागा मी मुद्दाम थांबून सांगतो, कारण इथे भलेभले फसतात. इंजिन थांबलेलं असताना बहुतेक मॉड्यूल कॉइलचा करंट तोडून ठेवतात, म्हणजे कॉइल तापू नये. करंटच वाहत नसेल तर खराब जोडातही व्होल्टेज पडत नाही. मीटर स्वतः जवळजवळ काहीच ओढत नाही. एक तार धरून असलेली कुजकी वायरसुद्धा त्याला पूर्ण १२.५ दाखवते. मग तो ५५ वॅटचा बल्ब कॉइलच्या पॉझिटिव्ह आणि अर्थिंगच्या मध्ये जोडला. साडेचार अँपिअरचा भार आला आणि मीटर ११.६ वर उतरला. ब्लोअर लावला, साडेदहा. बॅटरीच्या खांबांवर त्याच वेळी १२.२ होते. वाटेत दीड व्होल्टच्या वर गायब.

त्यानंतर मोजायची रीत बदलली. मीटरची लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, काळी पिन कॉइलच्या पॉझिटिव्हवर, मधल्या वाटेत किती व्होल्ट हरवतात ते थेट वाचायचं. लांब वायर घेऊन मीटर सीटवर ठेवला आणि गाडी चालवायला काढली. थंड असताना अर्धा व्होल्ट. गरम होत गेली तसं एक, दीड. ब्लोअर लावल्यावर पावणेतीन, आणि आकडा थरथरायला लागला. मिसिंग सुरू झालं तेव्हा तो चारपर्यंत उड्या मारत होता. मॉड्यूल नवं, कॉइल नवी, पण दोघांना पोटाला मिळत होते जेमतेम दहा व्होल्ट. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट तीन-चतुर्थांश झाला तर ऊर्जा निम्म्याच्या किंचित वर राहते. चढावर थ्रॉटल उघडा असतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून नेमका चढावरच दम सुटायचा.

स्टिअरिंगखालचं प्लास्टिकचं कव्हर उघडलं. स्विचच्या मागच्या प्लगमध्ये सहा पिना, त्यातल्या एका जाड वायरीभोवती पांढरं प्लास्टिक तपकिरी, कडेला काळं पडून फुगलेलं. पिन बाहेर ओढली तर तिची पकडणारी जीभ सैल, वर काळसर थर, आणि वायरचं इन्सुलेशन दोन बोटं आतपर्यंत कडक होऊन मोडणारं. हिशोब सोपा आहे. जोडात ०.२ ओहम रोध असला आणि त्यातून दहा अँपिअर गेले तर दोन व्होल्ट तिथेच पडतात आणि वीस वॅट उष्णता तिथेच तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता एका पिनेत! त्याने जीभ आणखी सैल होते, रोध आणखी वाढतो. थंड झालं की धातू आखडून पुन्हा थोडा चिकटतो, म्हणून गाडी विश्रांतीनंतर सुरू व्हायची. हा ०.२ ओहम साध्या मीटरवर ओहममध्ये मोजायला गेलात तर सापडणार नाही. मीटरच्या दोन पिनांच्या वायरीच तेवढ्या असतात. व्होल्टेज पडताना मोजणं हाच मार्ग.

जाता जाता: ज्या गाड्यांत रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) आपलं व्होल्टेज स्विचमागून वाचतो, तिथे हाच दोष उलटं रूप घेतो. रेग्युलेटरला वाटतं व्होल्टेज कमी आहे, तो अल्टरनेटरला ढकलत राहतो, बॅटरी उकळते, बल्ब उडतात. तिथे रेग्युलेटर बदलूनही काही होत नाही.

पिना नव्या क्रिंप केल्या, वायरचा जळका भाग कापून नवा तुकडा जोडला. दिवा पूर्ण विझला, ब्लोअर-वायपर लावूनही. गरम झाल्यावर बंद पडणं थांबलं. पण एक छोटं मिसिंग उरलं होतं, तेही वेगळ्या स्वभावाचं. सपाट रस्त्यावर हलक्या ॲक्सिलरेटरवर झटका बसायचा. पाय दाबला की गायब. स्विचचा दोष भाराखाली छळायचा, हा भार नसताना.

टेस्ट लॅम्प बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि कॉइलच्या निगेटिव्हमध्ये लावला. सेल्फ मारताना तो लुकलुकला तर समजायचं की पिकअप आणि मॉड्यूल कॉइलला चालू-बंद करताहेत. लुकलुकत होता. पिकअपचा रोध काढला तर नऊशे ओहमच्या आसपास, म्हणजे तोही गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेत. हलक्या ॲक्सिलरेटरवर वेगळं काय घडतं असा विचार केला तेव्हा व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनच्या हवेच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) आठवला. त्याच वेळी व्हॅक्यूम सर्वांत जास्त असतो, डायफ्राम ओढला जातो आणि पिकअप बसवलेली प्लेट फिरते. प्लेटबरोबर पिकअपच्या दोन बारीक वायरी दर वेळी वाकतात. गाडी जेवढी वर्षं चालली तेवढी वर्षं वाकत आल्यात.

मीटर पिकअपच्या दोन वायरींना लावून ठेवला, व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढली आणि तोंडाने ओढली. प्लेट हलली आणि मीटरवरचे नऊशे ओहम एकदम अनंतावर गेले. सोडलं की परत नऊशे. पुन्हा ओढलं, पुन्हा अनंत. वायर बाहेरून शाबूत होती, रबर अखंड. आत तांबं तुटून टोकाला टोक टेकलं होतं. बोटांत धरून हळू चाचपल्यावर एके ठिकाणी ती हाडच नसल्यासारखी लुळी लागली. तिथेच तुटली होती.

तिथे साधी वायर घालू नये. खूप बारीक तारांची, लवचिक, सिलिकॉनच्या आवरणाची वायर घ्यावी, नाहीतर सोल्डरशेजारी लवकरच पुन्हा तुटते. सोल्डरचा जोड वाकणाऱ्या जागेपासून दूर ठेवला. दोन वायरींची अदलाबदल होऊ नये म्हणून एकीला आधीच गाठ मारून खूण केली होती. उलट्या लागल्या तरी गाडी चालू होऊ शकते, पण सिग्नल उलटा होतो, टायमिंग सरकतं, आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो. जोडून झाल्यावर रिलक्टरचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या फिरत्या चाकाचे, दात आणि पिकअप यांच्यातला गॅप पितळी फीलर गेजने पाहिला. पोलादी गेज पिकअपच्या चुंबकाला चिकटतं, मग माप खरं लागत नाही.

उरली बॅटरी उतरण्याची तक्रार. चावी बंद, दरवाजे बंद, निगेटिव्ह केबल काढून खांब आणि केबलच्या मध्ये मीटर अँपिअरवर. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं, इथे ०.४ अँपिअर जात होते. दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत उतरणारच. एकेक फ्युज काढत गेलो, आकडा हलला नाही. मग बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड पॉझिटिव्ह वायर मोकळी केली, तिचं टोक टेपने गुंडाळलं आणि पुन्हा मोजलं: ३० मिलिअँपिअर. गळती अल्टरनेटरच्या आतच होती. ती वायर कायम जिवंत असते, कुठल्याही चावीने बंद होत नाही, त्यामुळे निगेटिव्ह सोडवल्याशिवाय तिथे पाना नेऊ नये. पाना बॉडीला टेकला तर तो वितळूही शकतो.

अल्टरनेटरच्या आत तीन फेजचा एसी तयार होतो आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात. एक डायोड उलट्या दिशेने गळायला लागला की गाडी उभी असताना बॅटरी त्यातून रिकामी होते, आणि चालू असताना डीसीमध्ये एसीची लहर मिसळते. बॅटरीवर मीटर एसीवर लावला तर ०.७ व्होल्ट, निरोगी अल्टरनेटरवर ते एक-दोन दशांशांच्या पुढे जात नाहीत. एक काळजी घ्यावी. स्वस्त मीटर एसीच्या रेंजवर डीसीसुद्धा मोजतात आणि बॅटरीवर पंचवीस-तीस व्होल्ट दाखवतात. पिनेच्या वाटेत एक कपॅसिटर घातला की डीसी अडतो आणि खरी लहर दिसते. हेडलाइट लावल्यावर चार्जिंग १४.१ वरून १३.१ पर्यंत घसरायचं, ते का हेही यातून उलगडलं.

अल्टरनेटर उतरवला. डायोडची प्लेट स्टेटरपासून (आतल्या स्थिर वेटोळ्यांपासून) सोल्डर काढून वेगळी केली, एकेक डायोड दोन्ही बाजूंनी तपासला. पाच डायोड एका बाजूने ०.५ च्या आसपास आणि दुसऱ्या बाजूने बंद. सहावा दोन्ही बाजूंनी जात होता. डायोड प्लेट नवी घातली, कार्बन ब्रश अर्ध्यावर झिजले होते म्हणून तेही, आणि स्लिप रिंग बारीक पॉलिश पेपरने साफ केल्या. इंजिन चालू असताना बॅटरी काढून चार्जिंग ‘तपासायची’ पद्धत अजून चालते. ती कृपया थांबवावी. भार एकाएकी तुटल्यावर अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर खूप उसळतं, आणि आधी डायोड, मग इग्निशन मॉड्यूल जातं.

शेवटी कॉइल आणि मॉड्यूलला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) दिला. जाड वायर बॅटरीकडून फ्युजमधून रिलेला, रिलेकडून कॉइलला. इग्निशनसाठी स्विचला आता फक्त रिलेच्या गुंडाळीचे दोन दशांश अँपिअर वाहायचे. यात दोन गोष्टी आधीच बघून घेतल्या. सेल्फ मारताना काही स्विच इग्निशनची एक वाट तोडतात, म्हणून रिले त्या वेळीही धरून राहतो ना हे टेस्ट लॅम्पने पाहिलं. आणि चार्जिंगचा दिवा. चावी बंद केल्यावरही इंजिन फिरत असतं, अल्टरनेटरमधून करंट दिव्यातून उलटा येऊन रिले धरून ठेवू शकतो, आणि चावी हातात घेतली तरी इंजिन चालूच राहतं. दिव्याच्या वायरमध्ये एक अँपिअरचा साधा डायोड घातला, करंट फक्त अल्टरनेटरकडे जाईल असा.

आताचे आकडे: रेसवर १४.२, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.९, बॅटरी ते कॉइल ०.२, एसीची लहर ०.०५. हीच मोजायची रीत मग हेडलाइटला लावली तर बल्बच्या पिनांवर दीड व्होल्ट कमी सापडले. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. त्या वाटेलाही आता दोन रिले बसताहेत, डिपरला एक आणि अपरला एक.